मागच्या खोलीची वायर

त्या दिवशी व्होल्टकाका घरातून निघाले ते वैतागूनच. एकच अॅम्प्लिफायर तिसऱ्यांदा बघायला जायचं, म्हणजे त्यांच्यासारख्या माणसाला नाक कापल्यासारखंच. चाळीस वर्षं रेडिओ, टेप आणि रेकॉर्ड प्लेअर उघडण्यात गेलेली. त्यांनी हात लावला आणि वस्तू परत आली, असं क्वचितच झालेलं. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता तिथंच मुक्काम ठोका म्हणजे झालं. अंथरूण देऊ का बांधून?"

"चेष्टा नको," काका चपला घालत म्हणाले. "दुकानात सहा सहा तास चालवलाय मी तो. हात लावला तर गार. आणि त्यांच्या घरी नेला की तापतो. असं कुठं असतं का?"

"माणसंही असतात की तसली," काकू म्हणाल्या. "बाहेर गार, आणि घरी आली की तापतात."

काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरले. खरं नाव त्यांचं काहीतरी चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त लाईटच्या बिलावर उरलं होतं. गल्लीतल्या पोरांनी कधीतरी व्होल्टकाका म्हणायला सुरुवात केली आणि पुढं सगळ्या जगानं तेच उचललं. काकांनाही ते आवडायचं, पण तसं ते कबूल करायचे नाहीत.

अॅम्प्लिफायर होता लायब्ररीतल्या बाईंचा. बाई लायब्ररीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या अजून लायब्ररीतल्याच बाई. त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेला तो जुना, जडशीळ अॅम्प्लिफायर. लाकडी पेटी, समोर चंदेरी पत्रा, जाडजूड बटणं. फिरवलं की कट्ट असा खणखणीत आवाज यायचा. आजकाल असली बटणं कुठं मिळतात? बाई पुढच्या आठवड्यात कायमच्या भाचीकडं राहायला जाणार होत्या, आणि भाचीनं स्पष्टच सांगितलं होतं की आत्या, तुम्ही या, तुमच्या रेकॉर्डी आणा, पण ती शेगडी माझ्या घरात नको. वरच्या मजल्यावरच्यांनाही एकदा जळका वास आला होता. म्हणजे आज तो गार झाला नाही, तर भंगारात जाणार. वडिलांच्या हातची तेवढी एकच वस्तू बाईंकडं उरली होती.

पहिल्यांदा काका गेले तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. अॅम्प्लिफायरवर क्रोशाचं कव्हर, कव्हरवर फुलदाणी, फुलदाणीखाली लाकडी चकती. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर जायला जागाच नाही. "बाई, याला श्वास घेऊ द्या," असं म्हणून त्यांनी सगळं उचलून ठेवलं आणि चहा पिऊन घरी आले. दोन दिवसांनी फोन, पुन्हा तापला. मग त्यांनी तो दुकानात नेला. सुकलेले कपॅसिटर बदलले, आतला करंट नीट बसवला, आतली उष्णता बाहेर नेणारी जुनी, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. दुकानात यंत्र एकदम गुणी बाळ. घरी नेऊन लावलं, की तासाभरात डावी बाजू चटका बसेल इतकी गरम.

तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपलं चाललंय ते म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बिघाड यंत्रात नाहीच. बिघाड घरात आहे.

दुपारचे साडेतीन वाजत आले होते. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही की वारा नाही. रस्ता सामसूम. तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टी रात्रीच्या असतात. तर तसं काही नसतं हो. रात्री माणूस सावध असतो. दुपारी तो पोटभर जेवलेला असतो आणि त्याला वाटतं, आत्ता काय व्हायचंय?

बाईंनी दार उघडलं. बारीक चणीच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, बोलणं हळू. आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसल्यामुळं असेल. हॉलमध्ये निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. भिंतीला लागून अॅम्प्लिफायर, त्याच्या शेजारी रेकॉर्ड प्लेअर, दोन बाजूंना दोन स्पीकर. बारीक आवाजात रेकॉर्ड लागलेली, बटण 'दोन्ही'वर. खोलीत एक वास होता, तापलेल्या वार्निशचा आणि धुळीचा. हा वास काकांच्या नाकाला घरच्यासारखा. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, तो त्यांना ओळखता येईना.

"रोज लावता?" काकांनी विचारलं.

"तीन ते पाच," बाई म्हणाल्या. "ताईची वेळ."

ताईला काका चांगले ओळखत. बाईंची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच धाकटीला वाढवलं. दोघींनी लग्न केलं नाही, दोघी याच घरात राहिल्या. चौदा वर्षांपूर्वी ताई जिन्यात पडली आणि कमरेखालून लुळीच पडली. मागच्या खोलीत पलंगाला खिळली. अकरा वर्षं. पण तोंड शाबूत, आणि गाण्याचं वेड शाबूत. तेव्हा काकांनीच हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत वायर टाकून तिच्या उशाशी एक स्पीकर बसवून दिला होता. पांढरी चपटी वायर, भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, छोट्या खिळ्यांत. एक खिळा वाकडा नाही. अॅम्प्लिफायरच्या मागं त्यांनी चिकटपट्टीवर आपल्या हातानं लिहिलं होतं, 'हॉल' आणि 'ताई'. समोरच्या बटणावर एकाच फेऱ्यात सोय होती. नुसता हॉल, नुसती ताई, किंवा दोन्ही.

"मोठं कर!" ही ताईची हाक सगळ्या जिन्याला पाठ होती. कितीही आवाज वाढवला तरी तिला कमीच वाटायचा. काका वायर टाकत होते तेव्हाही ती पलंगावरून ओरडत होती, "अहो व्होल्टेज, कंजूषपणा करू नका, जाड वायर टाका!" तीन वर्षांपूर्वी ती गेली.

काका मांडी घालून खाली बसले आणि पिशवीतून सिरीजचा बोर्ड काढला. हा म्हणजे एका फळीवर बसवलेला साधा बल्ब. भिंतीतला करंट आधी या बल्बमधून जातो आणि मग यंत्रात. यंत्र थोडं खात असेल तर बल्ब पेंगतो, जास्त खायला लागलं की लख्ख होतो. गरिबाचा मीटर, पण कधी फसवत नाही. काकांच्या उस्तादांनी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. एक, सिरीजशिवाय जुनं यंत्र चालू करायचं नाही. आणि दोन, नसलेला फॉल्ट सांगायचा नाही. पोट उपाशी राहिलं तरी चालेल, पण चांगला पार्ट खराब म्हणायचा नाही. ही दुसरी गोष्ट काकांनी चाळीस वर्षं जिवापाड सांभाळली होती.

त्यांनी अॅम्प्लिफायर बोर्डाला जोडला. रेकॉर्ड चालूच. बल्ब नुसता पेंगायला हवा होता, एवढ्या बारीक आवाजाला काय लागतं? पण तो चांगला पिवळाधमक पेटला, आणि गाण्याच्या ठेक्यावर कमीजास्त व्हायला लागला.

काकांनी मागं हात घालून हॉलच्या स्पीकरची वायर सोडली. हॉल गप्प झाला. बल्ब मात्र होता तसाच. ठेका धरून वर, खाली, वर, खाली.

"अहो," बाई म्हणाल्या, "आता तर काहीच वाजत नाहीये."

"तेच बघतोय," काका म्हणाले.

'ताई' लिहिलेली वायर त्यांनी उपसली. बल्ब पेंगला. पुन्हा खोचली, पुन्हा लख्ख. काकांना बरं वाटलं. सापडला चोर! "बाई, ही मागच्या खोलीची वायर तुम्ही अजून जोडूनच ठेवता?"

"तुम्हीच पट्टीवर लिहिलंय की. पुसताना काढली की बघून बघून परत लावते."

"आणि तो स्पीकर?"

"तो शाळेला देऊन टाकला. त्याच महिन्यात. पलंगही दिला."

"मग झालं तर. पलीकडं वायरीची टोकं एकमेकांना चिकटली असणार. शॉर्ट. अहो, मी दुकानात बसून उगाच यंत्राचं पोट फाडत होतो." काका स्वतःवरच हसले आणि वायर सोडवून मीटरनं तिची इकडची दोन टोकं तपासली. शॉर्ट असेल तर शून्य यायला हवं. तुटलेली असेल तर काहीच नाही.

काटा साडेसहावर जाऊन थांबला.

काकांचं हसू तोंडातच राहिलं. साडेसहा ओहम हा आकडा त्यांनी आयुष्यात हजारो वेळा पाहिला होता. चांगला, धडधाकट स्पीकर मीटरवर तेवढाच दिसतो.

ते उठून मागच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं. आत रिकामी फरशी, बंद खिडकी, भिंतीवर पलंगाच्या डोक्याचा फिकट चौकोन. आणि तो दुसरा वास इथला होता. मलमाचा. पाठीला चोळायचं मलम, तीन वर्षांनंतरही. वायर चौकटीवरून खाली उतरून उशाच्या जागी लोंबत होती. दोन टोकं, एकमेकांपासून चांगली चार बोटं लांब. तांबं काळवंडलेलं. त्यांना काहीही जोडलेलं नव्हतं.

काकांनी टोकांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि हॉलमध्ये येऊन परत मीटर लावला. साडेसहा. त्यांनी मीटर झटकला, त्याची बॅटरी बदलली, हॉलच्या स्पीकरवर लावून पाहिला. मीटर ठीक होता. त्यांनी वायर परत खोचली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलायचं कारण नव्हतं. काका सावकाश म्हणाले, "बाई, पलीकडं काही नाहीये… पण यंत्राला वाटतंय की आहे. जसं काही कुणीतरी तिथं स्पीकर लावून ऐकतंय. आणि मोठ्यानं ऐकतंय, म्हणून हा तापतो."

बाई खुर्चीत बसल्या. काकांना वाटलं होतं त्या घाबरतील, वेड्यात काढतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. रेकॉर्ड संपली होती, सुई खर्रखर्र फिरत होती. काकांनी ती उचलून ठेवली. आता कुठलंच गाणं नव्हतं. तरी बल्ब हळूहळू उजळला आणि हळूहळू मंदावला. मग पुन्हा उजळला. ठेका आता गाण्याचा नव्हता. लांब, संथ, मध्येच किंचित अडखळणारा. 

"काका, एक सांगू?" बाई म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही आजवर."

"सांगा."

"त्या दिवशी मी बंद केलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सकाळपासून नुसतं मोठं कर, मोठं कर. डोकं उठलं होतं माझं. म्हटलं, मलाही थोडं ऐकू दे की गं, माझ्यासाठी, बारीक आवाजात. बटण फिरवलं आणि नुसता हॉल ठेवला. इथंच बसले होते, याच खुर्चीत. तासाभरानं आत गेले तर…" बाईंनी मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. "शेवटचा तास तिनं शांततेत काढला. तिला शांतता सहन व्हायची नाही हो. तिनं हाक मारली असेल का? मला एवढंच कळायला हवं. तेवढं कळलं की मी सुटले."

आता बघा, इथं व्होल्टकाकांनी जे केलं ते कुठल्याही भल्या माणसानं केलं असतं. पण ते भला माणूस नंतर, मेकॅनिक आधी; काही बोलण्याआधी त्यांना यंत्र उघडून बघणं भाग होतं.  समोर एवढी म्हातारी बाई, तीन वर्षं एका बटणाचं ओझं वाहतेय! त्यांनी अॅम्प्लिफायरचं झाकण काढलं, बॅटरीचा उजेड पाडला आणि ते बटण आतून बघितलं. ते त्यांनी गेल्याच महिन्यात स्वतः साफ केलं होतं. पट्ट्या चकचकीत. फिरवलं की दोन्ही लाईन कशा सुरेख सुटत होत्या आणि सुरेख जुळत होत्या. इतकं चांगलं बटण या वयाच्या यंत्रात बघायला मिळत नाही.

"बाई," काका म्हणाले, "हे बटण आतून चिकटलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही फिरवता, कट्ट वाजतं, पण ताईची लाईन सुटतच नाही. फार जुना फॉल्ट आहे हा, पाचसहा वर्षांचा तरी. तुम्ही बंद केलं असं तुम्हाला वाटलं. तिकडं गाणं चालूच होतं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. हाक कशाला मारतील?"

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि त्या रडल्या, मनापासून, आवाज न करता.  बाई डोळे पुसत उठल्या, "चहा टाकते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी उस्तादांना मनातल्या मनात हात जोडले. एकदाच. एवढं एकदा माफ करा.

नळ वाजला, भांडं वाजलं. काका एकटेच त्या बल्बसमोर बसले होते. तो उजळत होता, मंदावत होता. आणि मेकॅनिकच्या हाताला खाज सुटली.

स्पीकर उलटा लावला की तो माईक होतो. ही गोष्ट त्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. काकांकडं स्वतः बनवलेली एक ऐकायची डबी होती. एका बाजूला दोन चिमटे, दुसऱ्या बाजूला कानात घालायचं बोंडूक. कुठल्या तारेत काय चाललंय ते ऐकायला. पलीकडं खरंच साडेसहा ओहमचं काही असेल, तर त्याला ऐकूही येत असेल आणि त्याच्या आसपास जे काही असेल, ते इकडं ऐकू येईल. काकांनी वायर अॅम्प्लिफायरमधून सोडवली, चिमटे लावले, बोंडूक कानात घातलं आणि डबीचं चाक फिरवलं.

आधी नुसती खरखर. मग खरखरीच्या मागं एक खोली. रिकामी नव्हे. सामानानं भरलेल्या खोलीचा आवाज वेगळा असतो, जरा दबका. तिथं कुणीतरी श्वास घेत होतं, लांब, शेवटी किंचित शिट्टी वाजणारा. काकांनी चाक आणखी थोडं फिरवलं.

"बंद झालं होतं."

आवाज अगदी जवळून आला. राग नव्हता त्यात. ताई पूर्वी वायरीबद्दल बोलायची तसाच, एखादी चूक दाखवून द्यावी तसा.

"हाक मारली मी… तीनदा." श्वास. शिट्टी. "दारापर्यंत आली होती ती."

काकांच्या हातातलं चाक घामानं निसटलं. त्यांनी बोंडूक काढलं नाही. काढावंसं वाटत होतं, पण हातच उचलेना.

"काय म्हणाली?"

हे मात्र बाहेरून होतं. बाई हातात दोन कप घेऊन मागं उभ्या होत्या. काकांनी त्यांना डबीबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं.

"कोण?" काका म्हणाले. "कोणी नाही. जुनी वायर आहे… खरखरतेय."

"मग तुम्ही दाराकडं का बघताय?"

काकांना तेव्हा कळलं की आपण खरंच मागच्या खोलीच्या दाराकडं बघतोय. त्यांनी मान खाली घातली. "बाई, बटण चिकटलेलं नाही," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. माफ करा मला."

"माहीत आहे." बाईंनी कप खाली ठेवले.  "मला बरं वाटावं म्हणून बोललात. आणि वाटलंही हो बरं, तेवढा चहा उकळेपर्यंत. पण हाक मारली का, हे मी तुम्हाला उगाच विचारलं. मी ऐकली होती ती. तीनदा. तिसऱ्या हाकेला उठून दारापर्यंत गेलेही. कडीला हात लावला. वाटलं, नेहमीचंच असेल. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं बसते आणि मग जाते. परत आले. पण त्या दिवशी ती मोठं कर म्हणत नव्हती, काका. नुसती मला हाक मारत होती."

  "जाऊ द्या बाई, झालं ते झालं," काका पुटपुटले.

"नाही ना झालं," बाई म्हणाल्या. "ते राहिलंय. आत जायचं राहिलंय."

त्या दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवून क्षणभर थांबल्या, मग दार ढकलून आत गेल्या आणि दार त्यांच्यामागं लोटलं गेलं.

काका जागचे हलले नाहीत. दारापलीकडून काही ऐकू येत नव्हतं, पावलंसुद्धा नाहीत. कानात मात्र सगळं ऐकू येत होतं. साडीची सळसळ. मग पलंग करकरला, कडेला कुणी बसावं तसा. त्या खोलीत पलंग नव्हता, काकांनी आत्ताच पाहिलं होतं. मग बराच वेळ काही नाही. आणि मग त्या लांब, शिट्टीच्या श्वासाशेजारी दुसरा एक श्वास सुरू झाला. हलका, आखूड. हळूहळू दोन्ही एका लयीत आले, एका पांघरुणात झोपलेल्या माणसांचे येतात तसे. काकांना भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा, पण त्यांचे डोळेही भरून आले. सुटली बिचारी, त्यांना वाटलं.

पाचसात मिनिटांनी दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. चेहरा स्वच्छ, हलका. डोळे कोरडे. त्यांनी अॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या.

"गार पडला," त्या म्हणाल्या. "भाचीला कळवायला हवं."

"हो," काका म्हणाले. "कळवा…"

"आता ती वायर कापून टाका, काका. मुळापासून. माझं काम झालं."

काकांनी मान डोलावली आणि पिशवीतली पकड काढली. पण ती वायरीला लावण्याआधी त्यांचा हात थबकला. बाई तर समोर उभ्या होत्या, हातभर अंतरावर. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आतली रिकामी फरशी इथून दिसत होती. आणि कानात अजून दोन श्वास चालू होते. एक लांब, शिट्टीचा. एक आखूड, बाईंबरोबर आत गेलेला.

"कापा ना," बाई म्हणाल्या.

काकांनी वायर पकडीच्या दातांत धरली. त्याबरोबर कानातले दोन्ही श्वास एकदम थांबले, कुणी रोखून धरावेत तसे. त्यांनी मान वर करून बाईंकडं पाहिलं. बाई शांतपणे त्यांच्याकडंच बघत होत्या, पण त्यांची छाती हलत नव्हती.